सांभाळून, आत माणूस आहे!

मी बँकेत कारकून आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे मी जे काही बडबडणार आहे त्यात टोकन, व्हाउचर, ताळा असले शब्द मधूनमधून येणार, आणि मग तुम्ही म्हणाल, विषय काय आणि हा माणूस बोलतो काय! पण वाचकहो, माणूस बी.कॉम. होऊन वीसेक वर्षं काउंटरच्या एकाच बाजूला बसला की जगातली प्रत्येक गोष्ट त्याला जमेच्या नाहीतर नावेच्या रकान्यात दिसू लागते. बायको रुसली तर मी मनातल्या मनात तिची नोंद 'सस्पेन्स अकाउंट'ला करतो आणि महिनाअखेरीपर्यंत वाट पाहतो.

तर, आमच्याकडे रोकड एका जागेहून दुसऱ्या जागी कशी नेतात हे तुम्ही कधी पाहिलं आहे का? पाहण्यासारखं असतं. आधी बंडलं मोजायची, मग पुन्हा मोजायची, मग पेटीत रचायची. पेटीला दोन कुलपं, दोन किल्ल्या, आणि त्या दोन निरनिराळ्या माणसांकडे. जाळीची गाडी दाराला लागते. बंदूकवाला गार्ड खाली उतरून रस्त्याकडे अशा नजरेनं बघतो की समोरचा पानवालासुद्धा हात वर करतो. मग पेटी दोघांनी दोन्ही कड्या धरून, एका दमात उचलायची. किती वाजता निघाली, कोणी दिली, कोणी घेतली, सगळं रजिस्टरात. पोचल्यावर पावती. पेटी वाटेत कुणाच्या मांडीवर ठेवून नेली, असं अजून तरी ऐकलेलं नाही.

बरं, हे झालं कोऱ्या करकरीत नोटांचं. फाटक्या नोटेचीही आबाळ नाही. नोटेचा किती तुकडा शिल्लक असला तर पूर्ण पैसे द्यायचे, किती असला तर निम्मे आणि किती असला तर हात जोडायचे, याचे रिझर्व्ह बँकेचे रीतसर नियम आहेत. नोट चुरगळलेली असो, जळकी असो, साडीबरोबर धुतलेली असो, तिला कसं हाताळायचं हे मला झोपेतून उठवून विचारा, मी सांगेन.

फाटका माणूस कसा हाताळायचा, याचं परिपत्रक मात्र आमच्याकडे आजवर आलेलं नाही. ते न आल्याचा हा सगळा हिशेब आहे.

सन 2018. गणपतीचा आदला दिवस. आमची शाखा मुंबईच्या एका उपनगरात भर चौकात आहे. समोर मंडळाचा मांडव चालला होता आणि मांडववाल्याचा टेंपो, ज्याला आपण प्रेमानं 'छोटा हत्ती' म्हणतो तो, लांब लांब फळ्या उतरवून रिकामा उभा होता. हा टेंपो आणि या फळ्या कृपा करून लक्षात ठेवा. मी ठेवल्या नाहीत.

सकाळी साडेदहाच्या सुमाराला बाहेर ब्रेक किंचाळला आणि पाठोपाठ 'धप्' असा आवाज आला. आवाज मोठा नव्हता. पिठाचं पोतं टाकावं तेवढाच. रांगेतली सगळी मंडळी टोकनांसह बाहेर धावली. मीही धावलो. कॅश ड्रॉवरला कुलूप लावून धावलो, हे इथं नमूद करतो. सवयी कशा असतात बघा.

रस्त्यावर आमचे मास्तर पडले होते. एका मोटारसायकलनं त्यांना उडवलं होतं आणि ती तशीच निघून गेली होती.

मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक. वय सत्तरीच्या पुढे. दर महिन्याला पेन्शन काढायला येत. एटीएमवर त्यांचा विश्वास नव्हता. 'जे यंत्र चुकीचं मराठी लिहितं ते पैसे बरोबर देईल कशावरून?' असा त्यांचा रोकडा सवाल असे. आमच्या शाखेतल्या फळ्यावरच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ते खिशातल्या खडूनं दुरुस्त करून जात. आणि त्यांची सही! स्लिपवर सही करायला त्यांना पाऊण मिनिट लागे. पूर्ण नाव, मराठीत, प्रत्येक वेलांटी जिथल्या तिथे, शेवटी खाली एक रेघ आणि रेघेवर दोन टिंबं. मागची रांग सुस्कारे टाकी; पण मी कधी घाई केली नाही. दिवसभर कोंबडीचे पाय बघायचे असतात, त्यात तेवढंच एक अक्षर.

तर मास्तर रस्त्यावर आडवे. कपाळाला खोक, रक्त. पण शुद्धीवर होते. मला पाहून म्हणाले, "चष्मा कुठं गेला रे?" आणि उजव्या हातानं ते डांबरावर चाचपत होते. बोटांनी चाचपत होते. हेही लक्षात ठेवा.

त्यानंतर जे झालं ते प्रत्येक चौकात, प्रत्येक वेळी, तसंच होतं. क्षणात पन्नास माणसं जमली आणि त्यांत पन्नास वैद्य निघाले. एक म्हणाला, पाणी पाजा. दुसरा म्हणाला, कांदा हुंगवा. तिसऱ्यानं कोणाची तरी चप्पल काढायला सांगितली. चौथा म्हणाला, उठवून बसवा, वारा लागू द्या. आणि त्यांना वारा लागावा म्हणून आणखी दहा जण वाकून उभे राहिले. एकजण फोटो काढत होता. त्याला बाकीच्यांनी शिव्या दिल्या आणि मग फोटो आपल्यालाही पाठवायला सांगितला.

"उचला, उचला! रिक्षा थांबवा!" कोणीतरी ओरडलं. कोणीतरी म्हणजे मीच. रिक्षावाला क्षणाचाही विचार न करता थांबला, आतला प्रवासी आपणहून उतरला, आणि आम्ही मास्तरांना उचललं. एकानं काखेत हात घातले, दुसऱ्यानं पाय धरले, मधला भाग ईश्वराच्या हवाली. मान मागे लोंबत होती. रिक्षात माणूस आडवा मावत नाही हे तेव्हा कळलं. मग त्यांचे गुडघे दुमडले, पाठ वाकवली, एकानं पलीकडून ओढलं, एकानं अलीकडून ढकललं, आणि ट्रंकेत शेवटचा स्वेटर कोंबावा तसं मास्तरांना आम्ही त्या रिक्षात बसवलं. "तुम्ही ओळखता ना यांना? मग बसा!" असं म्हणून मलाही आत ढकललं. मास्तरांचं डोकं माझ्या मांडीवर.

पहिलं नर्सिंग होम आठ मिनिटांवर. तिथं काउंटरवरच्या बाईंनी काचेतून पाहिलं आणि म्हणाल्या, "अपघाताची केस आम्ही घेत नाही, पोलिसांचं असतं." वास्तविक असं म्हणायची त्यांना मुळीच परवानगी नव्हती, पण हे मला पुढे कळलं. दुसरीकडे "नातेवाईक कोण?" या प्रश्नावर गाडी अडली. मी म्हटलं, मी त्यांचा कॅशियर. त्यांच्या फॉर्मवर ते नातं नव्हतं. तिसरं रुग्णालय मोठं. तिथं घेतलं. तोवर आम्ही तीन सिग्नल, दोन खोदलेले रस्ते आणि जे कोणत्या वेगाला अडवण्यासाठी घातले होते देव जाणे असे सात गतिरोधक ओलांडले होते. प्रत्येक गतिरोधकावर मास्तरांची मान माझ्या मांडीवरून उडे आणि पुन्हा खाली येई. चौथ्या गतिरोधकानंतर ते कण्हायचे थांबले. मला वाटलं, बरं वाटतंय.

आत एक तरुण डॉक्टर होता. माझ्या पोराहून फार तर दहा वर्षांनी मोठा. त्यानं मानेला पट्टा लावला आणि विचारलं, "कसं आणलंत?"

"रिक्षातून."

"मान कोणी धरली होती?"

मी म्हटलं, "डोकं माझ्या मांडीवर होतं." मला वाटलं तो शाबास म्हणेल.

"रस्त्यावर पडले होते तेव्हा हाताची बोटं हलत होती का?"

"हलत होती. चष्मा शोधत होते."

त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि काहीच बोलला नाही. नंतर मी फारच मागे लागलो तेव्हा म्हणाला, "काका, मानेच्या मणक्यात मार आहे. आतली सूज नंतरही वाढते. आणण्यामुळे झालं की मुळातच होणार होतं, हे कोणी सांगू शकणार नाही." तो चांगला मुलगा होता. पण तीस वर्षं उधार दिलेली रक्कम बुडीत खात्यात टाकताना मॅनेजर जसा आवाज काढतो, तसा त्याचा आवाज होता.

त्या संध्याकाळी मी घरचा गणपती आणायला गेलो. जावंच लागतं. दीड फुटाची शाडूची मूर्ती. मूर्तिकारानं ती पाटावर ठेवून दिली. माझ्या मेहुण्यानं पाट खालून धरला, मुलानं मागून हात लावला, मी पुढून. "तिरकी करू नका! पाठीला आधार द्या! सोंडेला हात नको!" मूर्तिकार ओरडत होता. रिक्षात मेहुणा आधी बसला, मग पाट सरळ त्याच्या मांडीवर. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि आपणहून म्हणाला, "काका, काळजी करू नका, खड्डा चुकवून नेतो." बैलगाडीच्या चालीनं आम्ही घरी आलो. मागच्या एकानंही हॉर्न वाजवला नाही. दारात बायकोनं बाप्पाच्या पायावर पाणी घातलं, आणि माझ्या पँटवरचे मास्तरांच्या रक्ताचे डाग मला तेव्हा दिसले.

तेव्हापासून मला एक वाक्य सहन होत नाही. अपघाताची बातमी आली की वर्तमानपत्रातून, व्यासपीठावरून आणि आमच्या सोसायटीच्या जिन्यातून ते वाक्य हटकून ऐकू येतं: "माणुसकी राहिलेली नाही हो!"

साफ खोटं! त्या चौकात माणुसकी पन्नास डोक्यांची होती. रिक्षावाल्यानं भाडं सोडलं, प्रवाशानं जागा सोडली, मांडवाच्या पोरांनी हातातलं काम सोडलं, आणि मी, कॅशियर, कामाच्या वेळात ड्रॉवर सोडून गेलो. माणुसकी वाहत होती. तीच मास्तरांच्या मानेवरून वाहून गेली. नव्हतं ते फक्त ज्ञान. काळजी कशी घ्यायची हे आपल्याला ठाऊक नाही असंही नाही. मातीच्या मूर्तीच्या बाबतीत ठाऊक आहे, हापूसच्या पेटीच्या बाबतीत ठाऊक आहे, लग्नातल्या रुखवताच्या बाबतीत तर फारच ठाऊक आहे. फक्त माणसाच्या बाबतीत कोणी सांगितलेलं नाही. आणि ज्यांनी सांगायचं तेच 'माणुसकी राहिली नाही' म्हणून आमच्या नावे रक्कम टाकून मोकळे होतात. ही नोंद चुकीची आहे. मी ती उलटवतो आहे.

मी मग वाचायला लागलो. बँकेतला माणूस चूक सापडली की जुनी रजिस्टरं काढतो, तसा. आणि जे सापडलं त्यानं माझी झोप उडाली, कारण जवळजवळ सगळं आधीच मंजूर होऊन पडलेलं आहे!

उदाहरणार्थ, त्या पहिल्या नर्सिंग होमातल्या बाई. 1989 सालीच, परमानंद कटारा यांच्या अर्जावर, सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं आहे की जखमी माणूस दारात आला की आधी उपचार, मग कागद. डॉक्टर सरकारी असो की खासगी. त्या अर्जामागची हकिगत काय होती? एका स्कूटरवाल्याला मोटारीनं उडवलं. त्याला रुग्णालयात नेलं, तर अशा केसेस घेण्याचा अधिकार वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाला आहे म्हणून तिकडे पाठवलं. तो वाटेतच गेला. आमची रिक्षा या निकालानंतर 29 वर्षांनी त्याच दारात उभी होती.

किंवा पोलिसांची भीती. 'मदत केली की कोर्टाच्या चकरा' हे आपल्याकडे बाळकडूतूनच मिळतं. पण जखमीला मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येणार नाही, रुग्णालयात अडकवून ठेवता येणार नाही, त्याच्याकडे पैसे मागता येणार नाहीत, अशी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं 2015 साली निघाली आणि 30 मार्च 2016 ला सर्वोच्च न्यायालयानं ती सगळ्यांवर बंधनकारक केली. 2019 साली ते संरक्षण मोटार वाहन कायद्यातच घातलं गेलं. आमच्या चौकात ही गोष्ट पन्नासांपैकी किती जणांना ठाऊक होती? शून्य. कुलकर्ण्यांच्या मुलीचं कुठं जमलं, हे मात्र किमान बारा जणांना ठाऊक होतं.

आणि 108! महाराष्ट्रात ही फुकट सेवा 2014 च्या जानेवारीत सुरू झाली. योजना होती 937 गाड्यांची: 233 सगळ्या आधुनिक सामग्रीच्या, 704 साध्या, आत डॉक्टर. शिवाय 2017 च्या ऑगस्टपासून मुंबईत मोटारसायकलवर बसून येणारे डॉक्टरही आले. ते माणूस नेऊ शकत नाहीत, पण निदान येऊ शकतात. इतकं असून त्या सकाळी पन्नास खिशांतल्या पन्नास मोबाइलांपैकी एकातूनही 108 फिरवला गेला नाही.

आता आमच्या मजल्यावरचे नाना इथं मला अडवतात. नाना म्हणजे विरोधी पक्ष. "अरे, फोन लावून तुझ्या त्या गाडीची वाट बघत बसला असतास, तर मास्तर रस्त्यावरच गेले असते! शहरात गाडी यायची कधी? रिक्षा दारात असते."

नानांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. मी हिशेब केला आहे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे राज्याची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख. भागिले 937. म्हणजे एका गाडीमागे 1 लाख 20 हजार माणसं. माझ्या काउंटरला एवढे खातेदार दिले तर मी राजीनामा देईन. आणि गाडी निघाली तरी रस्त्यात आपण आहोतच. रुग्णवाहिका दिसली की आपण काय करतो? मनापासून नमस्कार करतो. वाट देत नाही. ज्यांना बुद्धी जास्त आहे ते वाट देतात आणि ती पुढे सरकली की तिच्याच मागे आपली मोटार लावतात, फुकटचा रस्ता मिळतो म्हणून! अशा गाडीला वाट न देण्याबद्दल 2019 पासून दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. तेवढी सजा मी रोज बसमधून निदान शंभर जणांना मनातल्या मनात देतो.

शिवाय नानांच्या बाजूचा एक पुरावा मीच शोधून काढला. (नानांना सांगितलेला नाही.) अमेरिकेत फिलाडेल्फिया नावाचं शहर आहे. तिथं गोळी लागलेल्या, भोसकलेल्या माणसाला पोलीस रुग्णवाहिकेची वाट न पाहता सरळ आपल्या गाडीत घालून नेतात. संशोधकांनी त्याचा हिशेब मांडला, तेव्हा पोलीस गाडीतून नेलेल्यांत मरणारांचं प्रमाण रुग्णवाहिकेतून नेलेल्यांहून लक्षात येण्याजोगं जास्त निघालं नाही. म्हणजे रक्त वाहून चाललं असेल तर वाट बघत बसू नये, हे नानांचं खरंच आहे.

पण नाना, गोळी लागणं वेगळं आणि मान मोडणं वेगळं! रक्ताचा घड्याळाशी करार असतो, मणक्याचा सरळ रेषेशी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरायचं, ढिलं करून बघायचं नाही, आणि निघायचं. मानेला, पाठीला मार असावा अशी शंका असेल, अंगावर आग किंवा वाहनं येत नसतील, आणि मदत येणार असेल, तर हलवायचंच नाही; एकानं दोन्ही हातांनी डोकं आहे तसं धरून बसायचं. हलवावंच लागलं तर चारजणांनी, एकाच्या आकड्यावर, डोकं, धड, पाय एका रेषेत ठेवून, लाकडाचा ओंडका वळवावा तसं वळवून फळीवर घ्यायचं. पाणी पाजायचं नाही. श्वास चालत असेल तर हेल्मेट ओढून काढायचं नाही. संपलं! हे सगळं सांगायला मला एक परिच्छेद लागला. शिकायला एक दुपार पुरते. मी नंतर शिकलो.

आणि हो, फळी! ती मांडवाची लांब, सपाट फळी माझ्यापासून पंधरा पावलांवर पडली होती. शेजारी तो रिकामा छोटा हत्ती उभा होता, ज्यात माणूस पाय पसरून झोपू शकतो. मांडवाची सहा धट्टीकट्टी पोरं होती, ज्यांना जड वस्तू एका दमात उचलायची रोजची सवय. दोरीसुद्धा होती. शहराच्या चौकात देवानं याहून जास्त काय द्यायचं? त्यानं स्ट्रेचर, रुग्णवाहिका आणि कर्मचारी असं सगळं जुळवून ठेवलं होतं आणि आम्ही ओरडत होतो, "रिक्षा! रिक्षा!"

नेपोलियनच्या फौजेत लारे नावाचा एक सर्जन होता. त्याआधी जखमी सैनिक लढाई संपेपर्यंत रणांगणावरच पडून राहत. या माणसानं 1790 च्या दशकात हलक्या घोडागाड्या केल्या, आणि भर लढाईतून जखमींना उचलून आणायला सुरुवात केली. 'उडत्या रुग्णवाहिका' म्हणत त्यांना. तोफा सुरू असताना जे त्याला सुचलं, ते गतिरोधक सुरू असताना आपल्याला सुचायला हरकत नाही.

म्हणून माझ्या मागण्या. मी युनियनचा माणूस आहे. मागण्यांशिवाय भाषण संपवायची मला सवय नाही.

एक. वाहनाचा परवाना देताना आठाचा आकडा काढून घेता ना? मग त्याच मैदानात एका माणसाला झोपवा आणि अर्जदाराला म्हणा, उचल. ड्रायव्हिंग स्कूलच्या अभ्यासक्रमात प्रथमोपचार हा विषय कागदावर आहेच. तो कागदावरून मैदानात उतरवा. ज्याला माणूस उचलता येत नाही, त्याला माणूस पाडू शकणारं वाहन देऊ नका.

दोन. रिक्षावाल्यांना आधी शिकवा. शहरातली खरी रुग्णवाहिका तीच आहे, मग कायद्यानं कितीही अ, ब, क, ड प्रकार पाडलेले असोत. रिक्षाच्या प्रत्येक स्टँडवर एक घडीचं स्ट्रेचर, एक मानेचा पट्टा आणि जवळच्या टेंपोवाल्याचा नंबर ठेवा. स्टँडवर देवाची तसबीर आणि नेत्याचा फलक लावायला जागा होते. तर स्ट्रेचरलाही होईल.

तीन. जिथं 'येथे थुंकू नये' लिहिता, तिथं खाली एक ओळ वाढवा: 'जखमीला मदत करणाऱ्याला कोणी विचारणार नाही.' सरकारनं 2025 साली अशा माणसाला 'राह-वीर' म्हणून पंचवीस हजारांचं बक्षीस लावलं आहे; त्याच साली अपघातातल्या जखमीला सात दिवस, दीड लाखापर्यंत रोकडविरहित उपचारांची योजनाही लागू केली. छान आहे. पण बक्षिसाची बातमी जाहिरातीत येते आणि मान कशी धरायची हे कुठंच येत नाही. मला बक्षीस नको. मला त्या दिवशी कोणीतरी ओरडायला हवं होतं, मूर्तिकारासारखं: "तिरके करू नका! मानेला आधार द्या!"

चार. आमच्या बँकेनं मला आग विझवायचा बंबा चालवायला शिकवलं आहे. खोटी नोट ओळखायला शिकवलं आहे. दरोडा पडला तर कुठलं बटण दाबायचं तेही शिकवलं आहे. वीस वर्षांत शाखेत आग लागली नाही की दरोडा पडला नाही. दाराबाहेर माणूस मात्र पडला. तेव्हा, एक दुपार. फक्त एक दुपार. प्रत्येक बँकेनं, शाळेनं, कचेरीनं, सोसायटीनं, आणि विशेषतः गणेशोत्सव मंडळानं. मंडळांकडे फळ्या आहेतच.

नाना म्हणतात, "हे सगळं होणार कधी?" मी म्हणतो, आमच्या मजल्यापासून होईल. गेल्या वर्षी सोसायटीच्या सत्यनारायणाला मी नानांनाच सतरंजीवर आडवं केलं आणि चारजणांकडून उचलून दाखवलं. नाना जड आहेत. प्रात्यक्षिक चांगलं झालं. प्रसादाला गर्दी जास्त होती हे कबूल करतो, पण सातजणांनी तरी नीट पाहिलं.

मास्तर आहेत. चालतात, बोलतात, फळ्यावरच्या चुका अजून तोंडी दाखवतात. पायांत बळ आलं. हातांत आलं नाही. बोटं पेन धरत नाहीत. त्यांच्या सहीचा नमुना आमच्याकडे आहे, वेलांट्यांसकट आणि दोन टिंबांसकट. पण तो आता जुळायचा कशाशी? दर महिन्याला मुलाबरोबर येतात आणि स्लिपवर अंगठा उठवतात. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांचे अंगठे सोडवून त्यांना सही शिकवली, ते. त्याला दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. मी अधिकारी नाही. माझ्याकडे शाईचं पॅड धरायचं काम असतं.

त्यांच्यापाशी मी एकदाच तो विषय काढला. म्हटलं, मास्तर, त्या दिवशी आम्ही तुम्हाला नीट उचललं नाही. ते माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तुला शिकवलं होतं का कोणी?"

मी म्हटलं, "नाही."

"मग शिकवलं नाही त्याचे मार्क मी कसे कापू?" असं म्हणून त्यांनी अंगठा पुढे केला. मी एक हात त्यांच्या मनगटाखाली दिला, एक कोपराखाली, आणि तो हात सरळ, न हिंदकळता, पॅडवर नेऊन ठेवला.

मागची रांग सुस्कारे टाकते. टाकू दे. पाऊण मिनिट लागतं.